निदान आणि शिक्का

मनाच्या आजारांचे वर्गीकरण उपचारासाठी केले जाते. नैराश्य, छिन्नमनस्कता ही नावे डॉक्टरांना लक्षणे जाणण्यास व उपचारांची दिशा ठरविण्यास उपयोगी पडतात. परंतु ही नावे माणसेच देतात आणि ती आपल्या काळाच्या समजुतींपासून मुक्त नसतात. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाच मनोविकार ठरविले. स्वातंत्र्याची ओढ हा रोग ठरला! तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले, ते १९७३ साली.

म्हणून वर्गीकरणच टाकून द्यावे काय? तसे केल्यास रुग्ण उपचारांना मुकेल. आपल्या देशातील २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने योग्य मर्यादा आखली आहे. सामाजिक, आर्थिक वा राजकीय स्थितीवरून, किंवा पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून, कोणालाही मनोरुग्ण ठरविता येत नाही.

ज्या समाजाने जन्माच्या शिक्क्याचे चटके पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्याने आपल्याच लेकराच्या कपाळी ‘वेडा’ हा दुसरा शिक्का मारू नये. वसतिगृहातील मूल अबोल झाले, त्याची झोप उडाली, अभ्यासातून मन उठले, तर पालकांनी व शिक्षकांनी प्रथम त्याचे ऐकून घ्यावे. अंगारेधुपारे न करता त्याला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची ‘टेली-मानस’ सेवाही १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. बरे होऊन परतलेल्या मुलास वर्गात त्याच्या नावानेच हाक मारावी.