नायगावचे मोर मोजताना

प्रति,
महाराष्ट्र वनविभाग


पाटोदा तालुक्यातल्या नायगावला १९९४ साली मयूर अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम ३० चौरस किलोमीटर. एवढ्याशा माळ-डोंगरात मोर किती, हा प्रश्न सोपा वाटतो. तसा तो नाही.

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्याकाठी मचाणावर बसून चांदण्यात प्राणी मोजायची राज्यात जुनी रीत आहे. रानडुक्कर, सायाळ, बिबट्या रात्री पाण्यावर येतात. मोर मात्र दिवस मावळताना उंच झाडावर चढतो, तो उजाडल्यावरच उतरतो. दिवसाची नोंद धरली तरी एकच लांडोर दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजली जाते, आणि शेतातल्या पाटावर तहान भागवणारी एकदाही नाही.

मोजणीत सुटलेल्यांचा हिशेब कसा करावा, ते अलास्कात पाहावे. तिथे मूस नावाचे महाकाय हरीण विमानातून मोजतात. ताज्या बर्फावर ते काळे उठून दिसते, तरी दाट झाडीत कितीतरी नजरेतून सुटतात. विल्यम गॅसवे आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली मांडलेल्या पद्धतीत या सुटलेल्यांचाही हिशेब होतो. प्रदेशाचे तुकडे पाडायचे, मूस दाट कुठे, विरळ कुठे ते पाहून दोन्हींतले काही तुकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे. मग काही ठिकाणी विमान पुन्हा, बारकाईने घिरट्या घालते. पहिल्या फेरीत किती हुकले ते कळते आणि त्या प्रमाणात आकडा वाढवला जातो.

नायगावला विमान नको. ठरलेल्या वाटांवरून उजाडताच चालावे आणि दिसलेला प्रत्येक मोर वाटेपासून किती अंतरावर होता ते लिहावे. वाटेलगतचा सहसा चुकत नाही, लांबचे चुकतात; अंतरागणिक नोंदी कशा घटतात त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज निघतो. व्याघ्र प्रकल्पांत चितळ-सांबर असेच मोजतात.

नुसत्या आकड्यावर विसंबले की काय होते, ते राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात दिसले. तिथे पाऊलठशांवरून मोजलेले वाघ कागदावर होते. २००५ मध्ये जंगलात एकही उरला नसल्याचे उघड झाले.

म्हणून विनंती अशी, की नायगावचा आकडा जाहीर करताना शेजारी किमान आणि कमाल अंदाज छापावा, किती वाटा किती दिवस चालल्या तेही सांगावे. आणि पेरणीच्या दिवसांत एक फेरी आसपासच्या शिवारातूनही न्यावी. औषध लावलेले बी टिपून मोर मरतात ते तिथे, अभयारण्याच्या हद्दीबाहेर.

कळावे,
बीड जिल्ह्यातील एक पक्षीप्रेमी