मामा, चाचा आणि हरवलेला फोन

दिवाळीच्या फराळासाठी लातूरहून नांदेडला बहिणीकडे निघालो. एस.टी.तून उतरलो, पिशव्या मोजल्या आणि खिशात हात घालतो तो काय, फोन गाडीतच राहिलेला! फोन स्वस्तातला, पैशांची हळहळ नव्हती. पण आत मुलीबाळींचे फोटो, बँकेचे कागद. ते आता कोण बघणार?

भाचा शांतपणे करंजी खात होता. "मामा, उघडायला आकडा ठेवला होतात ना? फोन दोन वर्षांपूर्वीचाच. मग निश्चिंत राहा. तुम्हांला चाचांनी वाचवलंय!"

"कोण रे हे चाचा?"

तेव्हा उलगडा झाला. फोनमधला मजकूर 'एईएस' नावाच्या पद्धतीने कुलूपबंद करतात. महागड्या प्रोसेसरांत त्यासाठी खास आज्ञा असतात, स्वस्तांत बहुधा नसत. फोन रखडे, म्हणून अशा फोनांना कुलपातून सूटच होती. म्हणजे गरिबाचे दार उघडे! २०१९ साली गूगलने त्यांच्यासाठी 'अडियांटम' पद्धत आणली. तिचे बहुतेक काम 'चाचा' करतो, डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००८ साली मांडलेला.

हा चाचा किल्लीपासून अस्ताव्यस्त आकड्यांची अखंड धार काढतो. ती मजकुरात मिसळली की काही वाचता येत नाही. तीच पुन्हा मिसळली की मूळ मजकूर हजर. धार काढायला क्रिया तीनच: बेरीज करणे, संख्येतले अंक गोल फिरवणे आणि दोन संख्यांतला फरक टिपणे.

"मग अडचण कसली?" मी विचारले.

"मामा, तूर तीच असली तरी घरच्या जात्यावर भरडायची रीत निराळी, तुमच्या लातूरच्या डाळमिलची निराळी. तसंच हे."

साध्या एआरएम प्रोसेसरात अंक फिरवणे दुसऱ्या आज्ञेच्या पोटातच उरकते. त्याच चिपमधला 'निऑन' भाग चार संख्या एकदम हाताळतो, पण त्याला फिरवण्याची आज्ञाच नाही! तिथे डावीकडे सरकवा, उजवीकडून आणून जोडा, अशा दोन आज्ञा लागतात. मात्र सोळा घरे फिरवायची असली, की दोन अर्धांची अदलाबदल एकाच आज्ञेत होते. अशा खाचाखोचा हेरून जाणकार एकेक आज्ञा प्रोसेसरच्या जवळच्या भाषेत, असेंब्लीत, हाताने लिहितात. त्यामुळे कॉर्टेक्स-ए७ सारख्या साध्या प्रोसेसरवर हे काम एईएसच्या सुमारे पाचपट वेगाने होऊ लागले. सूट द्यायला सबबच उरली नाही.

फोन काही मिळाला नाही. पण त्या रात्री झोप छान लागली. घरची अब्रू चाचांनी राखली होती ना!