ठोशाचा हिशेब

रविवारी रात्रीची माझी सिनेमाची बैठक या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. या खेपेला सोबतीला भाचा होता. सिनेमा निम्मा व्हायच्या आत तो उठलाच. "मावशी, काय विकृत आहे हे! कसं बघवतं तुला?" त्याच्या उठून जाण्याचा मला राग आला नाही, ज्याला जे झेपत नाही ते त्यानं बघू नये. राग आला तो याचा, की दुपारी याच मुलानं तीन तासांचा एक हाणामारीचा सिनेमा फरसाण खात मजेत पाहिला होता. त्यात माणसं पटापट मरत होती आणि नायकाच्या केसांचा भांगसुद्धा मोडत नव्हता. तो त्याला चालला, आणि हा मात्र विकृत वाटला.

हा म्हणजे शिन्या त्सुकामोतो यांचा १९९५ सालचा 'टोकियो फिस्ट'. माणसाच्या अंगातून लोखंड उगवताना दाखवणारा १९८९चा 'तेत्सुओ' करणारे हेच दिग्दर्शक. इथं नायक त्सुदाची भूमिकाही त्यांनीच केली आहे. त्सुदा विमा विकतो, टोकियोच्या उंच इमारतींमधून थकून फिरतो. शाळेतला जुना सोबती कोजिमा त्याला भेटतो. तो आता बॉक्सर आहे. कोजिमाची नजर त्सुदाच्या होणाऱ्या बायकोवर, हिझुरुवर जाते. त्सुदा जाब विचारायला जातो, मार खाऊन कोसळतो आणि मग स्वतःच बॉक्सिंगच्या जिममध्ये नाव घालतो. कोजिमाचं काम दिग्दर्शकाच्या सख्ख्या भावानं, कोजीनं केलं आहे.

आता माझं गाऱ्हाणं. पडद्यावर नायकाला शंभर ठोसे बसतात आणि ओठाच्या कोपऱ्यात रक्ताची एक बारीक रेघ येते. पुढच्या गाण्यात तीही नसते. ज्या माराची खूण उरत नाही, तो मार बघायला सोपा जातो. बघणाऱ्याला वाटतं, मारणं म्हणजे एवढंच. त्सुकामोतो हा सोपेपणा नाकारतात. त्सुदाचा चेहरा सुजतो, काळानिळा पडतो, डोळे मांसात बुडतात, फणसासारखा ओबडधोबड होतो. रक्ताच्या चिळकांड्या उडतात, आणि खऱ्या मारामारीत त्या तशा उडत नाहीत हे मलाही कळतं. सूज अतिशयोक्त आहे, रंग अतिशयोक्त आहेत, चू इशिकावा यांचं धातू बडवल्यासारखं संगीत कानावर आदळत राहतं. पण प्रत्येक ठोशाचा हिशेब शरीरावर राहतो. भाच्याला जे सोसलं नाही ते हेच, आणि ते सोसू नये यासाठीच सिनेमा तसा केला आहे असं मला मनापासून वाटतं.

हिझुरुबद्दलही बोललं पाहिजे. दोन पुरुष भांडताहेत म्हटल्यावर बाई हे बक्षीस ठरतं, हे आपण इतकं पाहिलंय की त्यात काही खटकतच नाही. काहोरी फुजिई यांची हिझुरु घर सोडून कोजिमाकडे जाते, पण त्याचीही होत नाही. ती अंगावर गोंदून घेते, टोचून घेते, कातडीखाली धातू घालते. वेदना कुठं आणि किती, हे ती स्वतः ठरवते. त्या दोघांना ती मिळत नाहीच.

आणि वैराचं मूळ ती नाहीच मुळी. शाळकरी वयात या दोन मुलांनी एका मुलीच्या खुनाचा बदला घ्यायची शपथ घेतलेली असते. कोजिमा त्यासाठी शरीर कमावतो, त्सुदा नोकरीत रमतो. कोजिमाचा खरा संताप त्या विसरण्यावर आहे. आपल्याला आतून इतकं ओळखणारा माणूस एकतर मित्र असतो नाहीतर वैरी, आणि वैरी जास्त जागा व्यापतो.

यावरून रिकिइशी आठवला, आणि आता त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'अशिता नो जो' ही बॉक्सिंगची चित्रकथा १९६८ पासून जपानी साप्ताहिकात येत होती. लेखन इक्की काजिवारा यांचं, चित्रं तेत्सुया चिबा यांची. जो हा अनाथ, उनाड पोरगा, आणि तोरू रिकिइशी त्याचा प्रतिस्पर्धी. चिबांनी रिकिइशीला सुरुवातीला जोपेक्षा बराच थोराड काढला होता. मग दोघं एका वजनगटात लढणार कसे? म्हणून कथेत रिकिइशी उपाशी राहून, पाण्यावाचून तळमळत स्वतःला जोच्या गटात उतरवतो. लढत जिंकतो आणि मरतो. वाचकांना तो धक्का इतका लागला, की २४ मार्च १९७० रोजी टोकियोत, साप्ताहिकाच्या प्रकाशन संस्थेत, त्याचा अंत्यविधी झाला. पुढाकार कवी-नाटककार शुजी तेरायामा यांचा. सुमारे ७०० माणसं आली. कागदावरच्या माणसासाठी, तेही नायकाच्या वैऱ्यासाठी!

त्यानंतरचा जो मला सगळ्यात खरा वाटतो. त्याला समोरच्याच्या डोक्यावर ठोसा मारता येत नाही. मारला की रिंगणातच उलटी होते. वैरी गेल्यावर हातातलं बळच गेलं. कथा १९७३ पर्यंत चालली, व्हेनेझुएलाचा कार्लोस रिवेरा आला, मेक्सिकोचा जगज्जेता होझे मेंडोझा आला. दोघंही जबरदस्त रंगवलेत. पण रिकिइशीची जागा त्यातल्या कुणालाच घेता आली नाही, आणि मला वाटतं, जोनं ती कुणाला घेऊही दिली नाही.