दंड पोराचा, सही बाबांची!

लहान भावा-बहिणीला कोविडची लस द्यायची की नाही, यावर मे 2022 मध्ये घराघरांत अजून ‘बघू’ चाललं होतं. निर्णय आईबाबांचाच, मान्य. पण त्या चर्चेत तुमची खुर्ची कुठं होती?

प्रत्येक घरात एक कोविनमंत्री असतो. आपल्या घरातले मंत्री बहुतेक तुम्हीच. 2021 च्या मे महिन्यात मोबाइल हातात धरून स्लॉट कुणी पकडले? आजीचा आधार नंबर कुणी टाकला? बाबांचं सर्टिफिकेट डाउनलोड करून फॅमिली ग्रुपवर कुणी टाकलं? तुम्हीच ना!

मग 2022 मध्ये तुमचं खातं एवढं शांत का होतं?

3 जानेवारी 2022 पासून 15 ते 18 वर्षांच्या मुलांना कोव्हॅक्सिन द्यायला सुरुवात झाली. 16 मार्चपासून 12 ते 14 वर्षांच्या मुलांना कोर्बेव्हॅक्स मिळू लागली. दोन्हींच्या दोन डोसमध्ये 28 दिवसांचं अंतर. सरकारी केंद्रावर तेव्हा दोन्ही फुकट होत्या. म्हणजे 16 मार्चला पहिला डोस घेतलेल्याला 13 एप्रिलला दुसरा घेता येत होता. पण तेव्हा परीक्षा होत्या. परीक्षा संपल्या आणि सुट्टी लागली. तेव्हाचा पनवेलचा एसटी डेपो आठवा, स्टेशनवर कोकणात जाणाऱ्या गाड्यांची गर्दी आठवा, पळस्प्याच्या पुढं हायवेला लागलेल्या गाड्यांची रांग आठवा. अख्खं पनवेल गावाला निघालं होतं. आणि लसीचं काय, असं विचारलं की एकच उत्तर यायचं, ‘गावाहून आल्यावर बघू.’

हे ‘बघू’ फार चिवट असतं. त्यात नकार नसतो, होकारही नसतो. आणि 2022 च्या गुढीपाडव्याला राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला, तेव्हापासून तर या ‘बघू’ला अजूनच बळ मिळालं. कोविड संपलाय, मग पोराला सुई कशाला?

हा प्रश्न वाटतो तितका मूर्ख नाही. म्हणून त्याला चिडून उत्तर द्यायचं नाही. आधी ‘बघू’च्या आत काय दडलंय ते उघडून बघू.

भीतीचे तीन डबे

पालकांच्या मनातल्या भीतीचे तीन डबे करा. पहिल्या डब्यात निव्वळ खोट्या गोष्टी. लसीनं पुढं मूल होत नाही, ही त्यातली सगळ्यात जुनी. हीच अफवा पोलिओच्या डोसबद्दलही पसरली होती. त्या डोसवर मोठी झालेली पिढी आज स्वतः आईबाप झालीये आणि भारताला 2014 मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालंय. दुसरी गोष्ट जानेवारी 2022 मधली. मुलांना जुन्या, मुदत संपलेल्या लसी देतायत, अशी बोंब झाली. कारण काही कुप्यांवर जुनी तारीख छापलेली होती. खरी गोष्ट अशी, की कोव्हॅक्सिनची मुदत 9 महिन्यांवरून 12 महिने करायला औषध नियंत्रकांनी 25 ऑक्टोबर 2021 रोजीच मंजुरी दिली होती. लेबल जुनं, मुदत नवी. पण दंड पुढं करून बसलेल्या पोराच्या आईला हे कुणी आधी सांगितलं असतं, तर? तिसरी गोष्ट पॅरासिटामॉलची. काही केंद्रांवर लसीबरोबर गोळ्या घ्यायला सांगत होते. शेवटी कंपनीलाच सांगावं लागलं, की कोव्हॅक्सिननंतर त्याची गरज नाही.

दुसऱ्या डब्यात खऱ्या, पण भलत्याच लसीच्या गोष्टी. ‘लसीनं तरुण मुलांच्या हृदयाला सूज येते’, हा मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. तो पूर्ण खोटा नाही. फायझर आणि मॉडर्ना या लसींनंतर क्वचित असा त्रास दिसला, तोही जास्त करून तरुण मुलग्यांमध्ये आणि दुसऱ्या डोसनंतर. पण त्या लसी आपल्याकडे देतच नाहीत! त्यांचं तंत्र एमआरएनएचं. कोव्हॅक्सिन म्हणजे मारलेला अख्खा विषाणू, लस बनवायची जुनी, रुळलेली पद्धत. कोर्बेव्हॅक्समध्ये विषाणूच्या काट्याचा फक्त एक तुकडा असतो, यीस्टमध्ये वाढवलेला. बाळांना देतात ती हिपॅटायटिस बीची लसही याच तऱ्हेनं बनते. म्हणजे अमेरिकेतल्या मुलाचा रिपोर्ट घेऊन खारघरमधल्या मुलाचा निर्णय घ्यायचा नाही.

आणि तिसरा डबा. त्यात खरे प्रश्न आहेत. इथं मात्र आपण ‘काही नाही हो काकू, घ्या बिनधास्त’ म्हणून सुटू शकत नाही.

काकूंचा मुद्दा बरोबर असतो तेव्हा

मुलांना कोविड झाला तरी बहुतेकांना तो सौम्य असतो. हे खरंय. बऱ्याच मुलांना तो होऊनही गेलाय. हेही खरंय. आयसीएमआरनं 2021 च्या जून-जुलैमध्ये देशभर रक्त तपासलं. 10 ते 17 वयोगटातल्या 61.6 टक्के आणि 6 ते 9 वयोगटातल्या 57.2 टक्के मुलांमध्ये अँटिबॉडीज सापडल्या. तेव्हा मुलांना एकही लस मिळालेली नव्हती. म्हणजे हे सगळं संसर्गातून आलेलं. आणि ओमायक्रॉन तर त्यानंतर आला.

चाचणीचंही तसंच. 2 ते 18 वयाच्या मुलांवरच्या कोव्हॅक्सिनच्या चाचणीत 525 मुलं होती. एवढ्यांत ताप, दंडदुखी, अंगदुखी कळते. लाखात एखाद्याला होणारा त्रास एवढ्यांत दिसत नाही. हे गणित आहे, षड्यंत्र नाही.

जगातल्या शहाण्या माणसांचंही एकमत नाही. ब्रिटनच्या लसतज्ज्ञांच्या समितीनं सप्टेंबर 2021 मध्ये म्हटलं, की 12 ते 15 वयाच्या निरोगी मुलांना लसीचा फायदा आहे, पण तो अगदी थोडा. तेवढ्यावर सगळ्यांना द्या, असं आम्ही सांगणार नाही. दहाच दिवसांनी तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलं, एक डोस द्या, कारण शाळा बुडण्याचं नुकसानही मोजायला हवं. स्वीडननं जानेवारी 2022 मध्ये 5 ते 11 वयाच्या सरसकट सगळ्या मुलांना लस द्यायची नाही असं ठरवलं. अमेरिकेनं त्याच वयाला ऑक्टोबर 2021 मध्येच परवानगी दिली होती.

म्हणजे शंका घेणारी प्रत्येक आई अडाणी नसते. ती तेच विचारतेय, जे लंडनमधल्या समितीनं विचारलं. फरक एवढाच, की समितीला आकडे मिळाले आणि आईला फॉरवर्ड्स.

कोर्ट काय म्हणालं?

2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. लसीकरणाच्या सल्लागार गटात पूर्वी असलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांनी ही याचिका केली होती. न्यायालय म्हणालं, कुणालाही लस घ्यायची सक्ती करता येणार नाही. ही बातमी ग्रुपवर फिरली. पण तीच बातमी अर्धी कापून फिरली. मुलांना लस देण्याचं सरकारचं धोरण जगभरच्या तज्ज्ञांच्या मताला धरून आहे, असंही त्याच निकालात आहे. आणि मुलांसाठी मंजूर झालेल्या लसींच्या चाचण्यांचे निष्कर्ष लवकरात लवकर लोकांसमोर ठेवा, असा आदेशही आहे.

मला या निकालातली ही तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. जबरदस्ती नको, माहिती द्या. घरालाही हाच नियम लावता येईल.

खरं बोलायचं तर आपण मोठ्यांनी तरी लस कशी घेतली? 15 ऑगस्ट 2021 ला दोन डोसवाल्यांना लोकल खुली झाली. पनवेल-सीएसएमटीचा पास हवा होता, म्हणून किती जणांनी दंड पुढं केला, ते आठवा. तेव्हा विज्ञानापेक्षा हार्बर लाइननं जास्त काम केलं. मुलांना पास नको असतो, ऑफिस नसतं. त्यांच्या बाबतीत पटवूनच जावं लागेल. आणि पटवायची सवय आपल्याला नाही.

मग द्यायची की नाही?

माझं मत विचाराल तर, 12 च्या पुढच्या मुलांना द्यावी. कारणं साधी आहेत. मुलांना गंभीर आजार क्वचित होतो, पण क्वचित म्हणजे शून्य नाही. दमा, जन्मतः हृदयविकार, लठ्ठपणा, मधुमेह असलेल्या मुलांसाठी तर ते ‘क्वचित’ आणखी जवळ येतं. दुसरं, कामोठ्या-कळंबोलीतल्या वन बीएचकेमध्ये आजी-आजोबा, आईबाबा आणि दोन मुलं राहतात. तिथं आयसोलेशनची खोली नसते. लस संसर्ग पूर्ण थांबवत नाही, ओमायक्रॉननं ते दाखवलंच. पण आजार बळावू न देण्याचं काम ती करते. तिसरं, शाळा. 2020 नंतरची दोन वर्षं मोबाइलच्या स्क्रीनवर गेली. त्यानंतर वर्गात बसलेल्या मुलाला पुन्हा घरी पाठवायला एक निमित्तही नको.

पण 5 ते 12 वयाचा प्रश्न आला की मी एवढ्या जोरात बोलणार नाही. 26 एप्रिल 2022 ला या वयासाठी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, पण मे 2022 पर्यंत मोहीम सुरू झालेली नव्हती. तिथं फायदा आणखी थोडा, माहिती तेव्हा आणखी कमी होती. न्यायालयानं मागितलेले निष्कर्ष समोर येऊ देत, डॉक्टरांशी बोलू, मग ठरवू. या वयापुरतं ‘बघू’ हे उत्तर चालेल. मात्र त्यात खरोखर बघायला हवं!

सुई ज्याला, त्याला विचारलं का?

1802 च्या 14 जूनला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. भारतात यशस्वीपणे टोचलेली ती पहिली लस. तिच्या हातावरच्या फोडातून घेतलेली लस पुढं इतरांना टोचत गेले, पुण्यापर्यंत पोहोचवली. इतिहासात तिचं नाव राहिलं. तिला कुणी काही विचारलं असेल, असं मात्र आपल्या मनातही येत नाही. तीन वर्षांचं मूल काय सांगणार?

पण तुमची बहीण 14 वर्षांची आहे. ती रील बनवते, बीजगणित सोडवते, सगळ्यांच्या मोबाइलचे पासवर्ड तिला पाठ आहेत. तिच्या दंडाबद्दलची चर्चा मात्र तिच्या डोक्यावरून होते. आई एक म्हणते, बाबा दुसरं, मामा फोनवरून तिसरं. सही आईबाबांचीच लागणार, आणि ते योग्यही आहे. पण सही करण्याआधी तिला काय वाटतं, एवढं तरी विचारा. सुईची भीती आहे की मैत्रिणीनं काही सांगितलंय? पाळी चुकेल असं वाटतंय का? हे ती बाबांना सांगणार नाही. ताईला सांगेल. दादालाही सांगेल, जर दादानं चेष्टा केली नाही तर.

आणि एक विसरलेली गोष्ट

कोविडच्या लसीवर दोन वर्षं एवढं बोललो, की बाकीच्या लसी मागंच पडल्या. नोव्हेंबर 2018 मध्ये शाळेत रांगेत उभं राहून तुमच्यातल्या अनेकांनी गोवर-रुबेलाची लस घेतली असेल. तेव्हाही असेच मेसेज फिरले होते. ती घेतलीत, आणि काहीही झालं नाही, हे आज घरात तुम्ही सांगू शकता. पण कोविडकाळात जन्मलेल्या बाळांचं काय? डोसच्या तारखा लॉकडाउनमध्ये हुकल्या, त्या परत कुणी धरल्या? 2022 च्या जानेवारी-फेब्रुवारीत जगभरात गोवराचे नोंदवलेले रुग्ण 2021 च्या तुलनेत 79 टक्क्यांनी वाढले, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं एप्रिल 2022 मध्ये सांगितलं. मुलांच्या बाबतीत गोवर कोविडपेक्षा कितीतरी जास्त क्रूर असतो. आणि तुम्हाला माहितीये का, की 10 आणि 16 वर्षांना धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस घ्यायची असते? तुमची झाली का? आईला विचारा. ती कपाटातून कार्ड काढेल.

मंत्रिमहोदय, एवढं करा

* सोसायटीच्या ग्रुपवर वाद घालू नका. घरी जेवताना विषय काढा.
* मेसेज आला की एकच प्रश्न विचारा : हा कोणत्या लसीबद्दल आहे? निम्मे मेसेज तिथंच गळतात.
* भावंडाला अ‍ॅलर्जी, दमा, जुना आजार असेल किंवा नुकताच कोविड झाला असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.
* लसीनंतर केंद्रावर अर्धा तास बसा. ‘काही होत नाही’ म्हणून पळू नका. नंतर त्रास झालाच, तर तो केंद्रावर कळवा. नोंद झाली तरच पुढच्या आईला खरा आकडा मिळेल.
* घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांची, कर्नाळ्याच्या बाजूच्या वाड्यांवरून येणाऱ्या मुलांची चौकशी करा. 2022 मध्ये स्मार्टफोन नाही म्हणून लस अडत नव्हती, थेट केंद्रावर जाऊन नोंदणी होत होती. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

जून 2022 च्या मध्यावर शाळा उघडणार होत्या. मधल्या 28 दिवसांचं गणित करून बघा. गावाला गेला असाल तर दुसरा डोस तेव्हा तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळत होता, फक्त पहिल्या वेळी दिलेला मोबाइल नंबर लागत होता. तो नंबर कुणाचा होता?

बहुतेक तुमचाच.