ड्रॉला शिव्या घालण्याआधी आजची तारीख बघा

मंडळी, काल रविवारी संध्याकाळी ब्रॅकेट जाहीर झाल्यापासून आपल्या पर्ड्यूवाल्या मराठी ग्रुपवर जे काही चाललंय, ते वाचून रात्री झोप लागली नाही. "चौथं सीड? अन्याय आहे." "इलिनॉयला मिल्वॉकी आणि आपल्याला थेट प्रॉव्हिडन्स?" आणि सगळ्यात जास्त लाइक मिळालेली कॉमेंट: "हे हाय पॉइंट काय शाळा आहे की हिल स्टेशन?"

स्पष्टच लिहितो. राग आला तर येऊ द्या.

आज १७ मार्च. बरोबर दोन वर्षांपूर्वी, १७ मार्च २०२३ ला, मी कोलंबसच्या स्टेडियममध्ये बसलो होतो. इंडियानापोलिसहून गाडी हाकत गेलो होतो, शेजारी नऊ वर्षांचा मुलगा, अंगात सोनेरी-काळी जर्सी. समोर कोण? फेअरली डिकिन्सन. सोळावं सीड. देशातल्या सगळ्या डिव्हिजन वन संघांत सरासरी उंचीनं सर्वांत बुटका संघ. आपल्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. मीही तेव्हा गाडीत हेच म्हणालो होतो, "हे कोण रे बाबा?" दोन तासांनी स्कोअरबोर्डवर ६३-५८ होतं आणि ६३ त्यांचे होते. परत येताना मुलगा एवढंच म्हणाला, "बाबा, ते छान खेळले ना?" मला त्याला उत्तर देता आलं नाही.

आणि हा काही एकदाच झालेला अपघात नव्हता. २०२१ मध्ये नॉर्थ टेक्सास, तेरावं सीड. २०२२ मध्ये सेंट पीटर्स, पंधरावं सीड. २०२३ मध्ये सोळावं. तेरा, पंधरा, सोळा. दरवर्षी आपण आणखी लहान संघाकडून हरायची नवी पायरी गाठत होतो! सेंट पीटर्स कुठे आहे माहितीये? जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरपासून जवळच. न्यूअर्क अव्हेन्यूवर किराणा भरायला आणि डोसा खायला जाणारे आपले कितीतरी लोक त्या कॉलेजावरून गाडी नेतात. तेव्हाही ग्रुपवर प्रश्न हाच होता, "हे कोण?"

आता या वर्षीचा ड्रॉ थंड डोक्यानं बघू.

आपण २२-११ आहोत. शेवटच्या ९ सामन्यांपैकी ६ हरलोय. फेब्रुवारीत सलग चार: मिशिगन, विस्कॉन्सिन, मिशिगन स्टेट आणि शेवटी इंडियाना. बिग टेन स्पर्धेत मिशिगननं ८६-६८ असं धुतलं. जेकबसन मोसमाच्या सुरुवातीलाच जायबंदी झाला, त्यामुळे आत उंची नाही; सगळा भार ब्रेडन स्मिथ आणि कॉफमन-रेनवर. एवढं असून चौथं सीड मिळालं. याला अन्याय म्हणायचं तर न्याय कशाला म्हणायचं?

प्रॉव्हिडन्स लांब आहे, कबूल. पण पुढचं बघा ना. तिथले दोन सामने जिंकले तर पुढची फेरी कुठे? इंडियानापोलिस. वेस्ट लाफायेटपासून तासाभराचा रस्ता. म्हणजे वर्षभर घाम गाळून, ३०-४ करून पहिलं सीड मिळवलेलं ह्यूस्टन तिथवर आलं, तर त्यांना आपल्या अंगणात येऊन खेळावं लागेल. रडायचंच असेल तर ह्यूस्टनवाल्यांनी रडावं. आपलं चाललंय ते नाचता येईना अंगण वाकडे; आणि इथे तर अंगणही आपलंच!

हाय पॉइंट हे नॉर्थ कॅरोलायनातलं कॉलेज. २९-५. बिग साऊथचे विजेते, आणि या स्पर्धेत पहिल्यांदाच आलेत. त्यांच्या मुलांसाठी गुरुवार हा आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस असणार. आपण तो "वॉर्मअप" समजतोय. त्यानंतर क्लेम्सन किंवा मॅकनीस, दोघंही २७-६. म्हणजे प्रॉव्हिडन्सच्या या चौकडीत सर्वांत जास्त सामने हरलेला संघ कोणता? आपला.

लगेच कोणीतरी म्हणणार, "पण त्यांची लीग फालतू आहे. आपण बिग टेनमध्ये रोज वाघांशी लढतो." मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा कोणी सांगत नाही.

निवड समिती सामन्यांचे चार कप्पे करते. पहिल्या कप्प्यातले विजय म्हणजे सोनं. पण त्यासाठी घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधला संघ यावा लागतो, त्रयस्थ ठिकाणी पहिल्या ५० मधला, किंवा तुम्ही पहिल्या ७५ मधल्या संघाच्या घरी जायला हवं. आता सांगा, लहान कॉलेजच्या जिममध्ये कोणता मोठा संघ जातो? जिंकलं तर कौतुक नाही, हरलं तर नाक कापलं, म्हणून कोणी जात नाही. त्यांनाच आपल्याकडे बोलावतात. येल नोव्हेंबरात मॅकी अरेनात आलं आणि आपल्याला ९२-८४ पर्यंत झुंजवून गेलं. आज तेही तेरावं सीड म्हणून स्पर्धेत आहे. आपण न्यू हेवनला जाऊन खेळलो असतो तर काय झालं असतं, प्रामाणिकपणे सांगा बरं.

म्हणजे आधी त्यांच्याशी बरोबरीनं खेळायचं नाही, आणि मग मार्चमध्ये विचारायचं, "तुम्ही मोठ्या संघांना कुठे हरवलंय?" गावच्या विहिरीवर पाणी भरू द्यायचं नाही आणि वर घागर रिकामी का म्हणून हसायचं, असला हा प्रकार.

आकडे बघा. ६८ जागा. त्यातल्या ३१ लीग विजेत्यांना आपोआप. उरलेल्या ३७ समिती वाटते. त्या ३७ पैकी यंदा २९ फक्त चार लीगना गेल्या: एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसीसी. एकट्या एसईसीचे १४ संघ आहेत, हा विक्रम आहे. यूसी अर्व्हाइन २८-६ असून बाहेर, कारण त्यांच्या लीगचा अंतिम सामना हरले. एक वाईट रात्र, अख्खं वर्ष पाण्यात. आणि नॉर्थ कॅरोलायना? पहिल्या कप्प्यात १ विजय, १२ पराभव. तरी आत. त्यांचे क्रीडा संचालक यंदा समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांच्या संघाची चर्चा होताना ते नियमाप्रमाणे बाहेर गेले, हे मान्य. पण लोकांना शंका येणारच. आज वेस्ट व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषद घेऊन चौकशीची भाषा केली. त्यातला राजकीय तमाशा सोडून द्या, पण संताप उगाच नाही.

हा मामला पैशाचा आहे, हेही लक्षात घ्या. स्पर्धेत संघ जितके सामने खेळेल तितके हिस्से त्याच्या लीगला मिळतात. एका हिश्श्याचे सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर. मोठ्या लीगना हे डझनांनी मिळतात. लहान लीगला बहुतेक वेळा एकच, तोही सगळ्या कॉलेजांत वाटून. त्यात एखाद्यानं चमत्कार केलाच, तर? सेंट पीटर्स आणि फेअरली डिकिन्सन, दोघांचेही प्रशिक्षक आपल्याला हरवलं त्याच महिन्यात दुसऱ्या कॉलेजांनी उचलले. यंदा तर ट्रान्सफर पोर्टल २४ मार्चला, स्पर्धा चालू असतानाच उघडतंय. बळी तो कान पिळी.

आता म्हणतात, ६८ चे ७२ किंवा ७६ करू. नियम हेच राहिले तर त्या जादा जागा कुणाच्या ताटात पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मला विचाराल तर दोनच गोष्टी करा. लीगमध्ये वर्षभर पहिला राहिलेला संघ एका रात्रीच्या पराभवानं बाहेर जाऊ नये. जादा जागा द्यायच्याच तर त्यांना द्या. आणि पहिल्या चार सीडमध्ये यायचं असेल, तर मोसमात एक तरी सामना लहान लीगच्या संघाच्या घरी जाऊन खेळायची अट घाला. पर्ड्यूलासुद्धा. आपला संघ खरंच चांगला असेल तर घाबरायचं कारण काय?

गेल्या वर्षी आपण अंतिम सामन्यापर्यंत गेलो. १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोर. का गेलो? कारण कोलंबस कोणी विसरलं नव्हतं. ग्रॅम्बलिंगलासुद्धा हलकं घेतलं नाही, ७८-५० केलं. खेळाडूंना जे कळलं ते आपल्याला, म्हणजे पॉपकॉर्न खात बसणाऱ्यांना, अजून कळलेलं नाही.

गुरुवारी दुपारी मी ऑफिसमधून अर्धी रजा टाकतोय. मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. तो शाळेत असेल, पण काल रात्री त्यानं हाय पॉइंटच्या पाचही खेळाडूंची नावं पाठ केली. मी विचारलं, कशाला? म्हणाला, "समोर कोण आहे ते माहीत नको?"

ग्रुपवर पुढची कॉमेंट टाकण्याआधी एवढं तरी करा. बॉइलर अप!