ताबा कुणाचा?

ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, त्याच्याशी आपला काय संबंध? परवा वस्तीतल्या एका पोरानं मला तोंडावर विचारलं. एरवी मी फाडफाड बोलतो. त्या वेळी गप्प बसलो. रात्रभर डोकं भणभणत होतं. अंक छापायला जायच्या आधी त्याला उत्तर देणं भाग आहे.

आधी हकिगत. २३ जून २०१६ ला तिकडं सार्वमत झालं. युनियनमध्ये राहायचं की निघायचं, एवढाच सवाल. निघा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. स्कॉटलंडनं ६२ टक्क्यांनी राहा म्हटलं होतं, उत्तर आयर्लंडचंही बहुमत राहा म्हणणारं होतं. त्यांनाही दावणीला बांधून नेलं. ३१ जानेवारी २०२० ला देश बाहेर पडला.

निघणाऱ्यांची घोषणा तीन शब्दांची. ताबा परत घ्या! घोषणा झकास. ज्याच्या हातात काहीच उरलं नाही, त्याच्या काळजाला भिडणारी. लाल बसवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या दवाखान्यांना देऊ. आकडा फसवा होता. ब्रिटनला मिळणारी सूट आणि युरोपकडून परत येणारा पैसा त्यातून वजाच केला नव्हता. आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं कान उपटले, तरी बस फिरतच राहिली.

राहा म्हणणारे तरी कोण? बँकवाले, बडे कारखानदार, पंतप्रधान कॅमेरन, त्यांचे अर्थमंत्री ऑस्बोर्न. २०१० पासून काटकसरीच्या नावानं गरिबाच्या ताटातलं काढून घेणारी हीच मंडळी. आता तीच सांगायला आली, बाहेर पडलात तर तुमचं नुकसान होईल. कोण ऐकणार? वेल्समधलं एबू व्हेल घ्या. तिथला पोलादाचा कारखाना २००२ ला बंद पडला. युरोपच्या निधीतून रस्त्याचं काम झालं, रेल्वेचं झालं. तरी त्या भागानं ६२ टक्क्यांनी निघा म्हटलं. लगेच लंडनचे पांढरपेशे सुरू झाले. हे अडाणी, हे मूर्ख, यांना असल्या गोष्टीत मत द्यायला लावलंच कशाला?

इथं माझं डोकं सटकतं. हा सूर आपल्या ओळखीचा आहे, दोस्तहो. अडाण्याला मत कशाला, हे आपल्या बापजाद्यांनी जन्मभर ऐकलं. एबू व्हेलचा कामगार मूर्ख नव्हता, चिडलेला होता. ज्याचं काम गेलं, ज्याचा पोरगा गाव सोडून गेला, त्यानं नवा रस्ता काय चाटायचा?

पण म्हणून त्याची पाठ थोपटायची? नाय. राग खरा होता, पत्ता चुकला. आणि तो मुद्दाम चुकवला गेला. १६ जून २०१६ ला नायजेल फराज यांनी एक पोस्टर झळकवलं. निर्वासितांची लांबच लांब रांग, आणि वर लिहिलेलं की आता हद्द झाली. त्याच दिवशी जो कॉक्स या खासदारबाईंचा एका गोऱ्या वंशवाद्यानं भररस्त्यात खून केला. निर्वासितांची बाजू घेणारी बाई होती ती.

मत कुणाला होतं तेही बघा. पोलंडची बाई दहा वर्षं लंडनच्या लाद्या पुसत असली तरी तिला मत नव्हतं. तिथं राहणाऱ्या भारतीय नागरिकाला होतं, कारण तो कॉमनवेल्थवाला. मग मंत्री प्रीती पटेल यांनी गाजर दाखवलं. युरोपातून येणारे कमी झाले की करीच्या हॉटेलांना आपल्याकडून आचारी आणता येतील. म्हणजे एका मजुराला हाकलण्यासाठी दुसऱ्या मजुराला आमिष!

हा डाव मी गिरणगावात बघितलाय. माझ्या आज्याला गिरणीत साचाखात्यात घेतलं नाही. धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आमच्या तोंडाचा विटाळ व्हायचा. ‘कामगारांची एकी’ म्हणून गळा काढणारे तेव्हा शेजारच्याच साच्यावर उभे होते. म्हणून नुसत्या युनियन या शब्दानं मी विरघळत नाही. आत कुणाला कुठं बसवलंय ते आधी बघतो. बाप १९८२ च्या संपात घरी बसला, तो कायमचा. गिरणी गेली. त्या जागेवर टॉवर उभे राहिले. आणि नाक्यावर शिव्या कुणाला? भय्याला. मद्राशाला. ज्यानं जमीन विकून पैसा केला, त्याच्या गाडीला कुणी खडासुद्धा मारला नाही. त्या नाक्यावर मीही होतो. मीही शिव्या दिल्या. आज लाज वाटते.

आता सांगा, बाहेर पडून ताबा कुणाला मिळाला? युरोपची मूलभूत हक्कांची सनद २०१८ च्या कायद्यानं बाजूला काढली. मार्च २०२२ मध्ये पी अँड ओ या जहाज कंपनीनं जवळजवळ ८०० खलाशांना व्हिडिओवरून निरोप देऊन घरी बसवलं आणि स्वस्तातले कंत्राटी भरले. युरोपातला मजूर कमी झाला, तर म्हाताऱ्यांची उस्तवार करायला भारतातून, नायजेरियातून माणसं नेली. त्यातल्या कित्येकांनी दलालाला लाखो रुपये मोजले. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये रॉदरहॅमला जमावानं आश्रयाला आलेल्या लोकांचं हॉटेल पेटवायचा प्रयत्न केला. निघून चार वर्षं झाली होती. रांगेचं पोस्टर अजून भिंतीवरून उतरलं नव्हतं.

हा प्रश्न लंडनमध्येच एकदा विचारला गेलाय. नोव्हेंबर १९३० ला गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांना ठणकावलं, तुमच्या राज्यानं अस्पृश्यांचं काही भलं केलं नाही, आम्हाला स्वराज्य हवं. आणि तिथंच त्यांनी दुसरी गोष्ट बजावली. ती सत्ता कुणाच्या हातात जाणार आणि आमच्या हातात काय येणार, हे आधी लिहून द्या. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर ‘राहा’ होतं, ‘निघा’ होतं. हा सवाल नव्हता.

पोरा, संबंध हा आहे. उद्या इथंही कुणी भाषेच्या नावानं, प्रांताच्या नावानं, देशाच्या नावानं तुला सांगेल, ताबा घेऊ या. त्याला विचार, जमिनीचा घेणार का? कारखान्याचा, दवाखान्याचा घेणार का? दुसरा कुणी एकीचं कीर्तन लावेल. त्याला विचार, पंगतीत आमचं पान कुठं मांडलंय? आणि उत्तर द्यायच्या ऐवजी तो जर शेजारच्या मजुराकडे बोट दाखवायला लागला, तर त्याला सांग, आधी ते बोट खाली घे. मग बोलू.