कुटुंब लहान होते, पण हुकुमाने नव्हे

१/ ‘आदिवासी अडाणी, म्हणून त्यांना मुले फार.’ जव्हार-मोखाड्याविषयी हे वाक्य सहज फेकले जाते. इतिहासाचा प्रश्न उलटा आहे : जिथे जन्मलेले मूल जगेल याची शाश्वती नाही, तिथे ‘दोनच पुरे’ हा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा?

२/ शासकीय कुटुंबनियोजन भारतात १९५२ साली सुरू झाले. १९७४ साली बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत आरोग्यमंत्री करणसिंग यांनी ‘विकास हेच सर्वोत्तम संततिनियमन’ अशी भूमिका मांडली.

३/ दोनच वर्षांत ती गुंडाळली गेली. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, इतकेच.

४/ त्याच काळात दुसरी वाटही खुली झाली होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली : पूरक आहार, लसीकरण, गरोदर मातांची तपासणी. तिचा कणा असलेल्या अंगणवाडीची कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातच, रुजवली होती.

५/ तरीही १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर स्थलांतर. त्यात मुलांची शाळा तुटते, लस चुकते. अशा घरी अधिक मुले हा अडाणीपणा नव्हे. तो मृत्यू गृहीत धरून केलेला हिशेब आहे.

६/ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.९ होता, २०१९-२१ मध्ये तो १.७ झाला. हे श्रेय दोन अपत्यांच्या नियमाचे, असे कोणी म्हणेल. पण असा नियम नसलेल्या केरळने स्त्रीशिक्षण आणि आरोग्यसेवेच्या बळावर हा पल्ला कितीतरी आधी गाठला.

७/ महाराष्ट्रात मात्र १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले, तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, असा नियम झाला. ज्या पाड्यावर दवाखाना वेळेवर पोहोचला नाही, तिथल्याच बाईला पंचायतीच्या दारातून परत पाठवायचे, हा कुठला न्याय?

८/ शिकलेल्या मुलीचे लग्न लांबते. जगलेल्या बाळाची आई स्वतःहून थांबते. शासनाने आधी बाळ जगवावे. मुले किती हवीत, ते आई ठरवील.